उसना दशक : सहकारी शिक्षकांना निरोपाचं खुलं पत्र

गुरुजी, मॅडम आणि सर मंडळींनो,

जय भीम, जय सेवा, जय गुरुदेव, नमस्कार.

पहाटे साडेपाचपासून आपल्या शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर हे चार नमस्कार पडायचे. कोण कोणता घालतो ते इतकं पाठ झालं होतं की नाव न वाचता माणूस कळायचा. आज निरोपाचं लिहायचं आहे म्हणून चारही मीच घालतो.

३१ डिसेंबरच्या रात्री मी आपला ग्रुप बंद करतोय. बातमी तुमच्यापर्यंत पोचलीच आहे. परवा पांढरकवड्याला बाजारात दोघांनी मला थांबवून विचारलं, "गुरुजी, खरं हाये का?" खरं आहे. ग्रुपवरच चार ओळी टाकून मोकळा झालो असतो, पण तिथे लांब मजकूर कोणी वाचत नाही, 'अधिक वाचा'वर बोटसुद्धा टेकवत नाही, हे दहा वर्षांत कळलं. शिवाय यातलं काही मला चारचौघांत सांगायचं आहे. ज्यांना सांगायचं त्यातले काही आता ग्रुपवर नाहीत, आणि एकाला तर मीच काढलं होतं. म्हणून हे खुलं पत्र.

आधी एक गैरसमज दूर करतो. मी रिटायर झालो म्हणून ग्रुप बंद होत नाहीये. रिटायर तर मी ३० जूनलाच झालो. माझी जन्मतारीख १ जुलै १९६७. माझ्या वयाच्या निम्म्या विदर्भाची जन्मतारीख १ जुलै आहे, कारण शाळा उघडली की माय बोटाला धरून न्यायची, गुरुजी विचारायचे, "कवाचा हाये?" माय म्हणायची, "पोळ्याच्या आंगचा, त्या सालचा पाऊस लय होता." मग गुरुजी आमचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लागतो का ते पाहायचे आणि हिशेब जमवून १ जुलै लिहायचे. म्हणजे मी एका गुरुजीच्या पेनातून जन्मलो आणि ५८ वर्षांनी त्याच पेनानं रिटायर झालो. त्याबद्दल तक्रार नाही.

खरं कारण वेगळं आहे. दिवाळीनंतर एका रात्री झोप येईना म्हणून नोव्हेंबरचे सगळे संदेश खालून वर वाचत गेलो. लिंका होत्या. माहिती भरण्याच्या, प्रशिक्षणाच्या, आणि भरली का म्हणून विचारण्याच्या. वाढदिवस होते, अभिनंदनं होती, एक श्रद्धांजली होती आणि तिच्याखाली चुकून पडलेला एक केक होता. मी प्रश्न शोधत होतो. महिनाभरात दोनच सापडले. एक, "लिंक ओपन होत नाही का कोणाची?" दुसरा, "शेवटची तारीख कोणती?"

ज्या ग्रुपचा जन्मच प्रश्नातून झाला त्याची ही गत. तो जन्म ज्यांनी पाहिला ते आता थोडे उरले आहेत, म्हणून सांगतो.

२०१५ चा जून. २२ जूनला 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला होता आणि केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या, शिक्षण परिषदेत दुसरा विषयच नव्हता. त्याच उन्हाळ्यात मी पहिला टचस्क्रीन फोन घेतला. तेव्हा व्हॉट्सॲपच्या ग्रुपला १०० जणांची मर्यादा होती. झरी, मारेगाव, वणी, केळापूर, घाटंजी अशी ओळखीची नावं टाकत गेलो, पन्नासही भरेनात. कोणाकडे तसा फोन नव्हता, कोणाच्या गावात रेंज नव्हती. पहिला आठवडा नुसती फुलं. मग एका रात्री दहा वाजता घाटंजीकडच्या एका मॅडमनी लिहिलं. शब्द मला जवळजवळ तसेच आठवतात, कारण ते मी नंतर पन्नास ठिकाणी सांगितले.

त्यांच्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. पाढे पाठ, बेरीज पक्की, पण वजाबाकी हटकून चुकायची. ५२ वजा २७ घातलं की ३५. ४३ वजा १६ घातलं की ३७. मॅडम रोज लाल फुली मारायच्या. दोनातून सात जात नाहीत, म्हणून शेजारच्या पाचाकडून एक दशक उसना घ्यायचा. तुम्ही-आम्ही, आपले गुरुजी, त्यांचे गुरुजी, सगळे असंच शिकलो. त्या दिवशी मुलीनंच मॅडमना विचारलं, "मॅडम, उसना घेतला त वापस कवा द्याचा?"

मॅडम हसल्या. घरी आल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की पोरगी इतके दिवस तो दशक परत देत होती. घरी शेजारणीकडून वाटीभर साखर उसनी आणली तर ती परत जाते, हे तिला माहीत. तिनं हिशेब चोख ठेवला होता. प्रत्येक उत्तर बरोबर दहानं जास्त. मॅडमनी शेवटी लिहिलं होतं, "अठरा वर्षं झाली शिकवते आहे. मला हे तिला समजावता येत नाही. कोणाला जमतं का?"

सव्वादहाला मारेगावच्या एका सरांचं उत्तर आलं. "मॅडम, पोरगी बरोबर हाये, शब्द चुकला. उसनं म्हनूच नका. शंभराची नोट मोडतो तसा दशक मोडा म्हना." दुसऱ्या दिवशी मॅडमनी तुराट्यांच्या दहा-दहाच्या मोळ्या बांधल्या, पाच मोळ्या आणि दोन सुट्या काड्या पोरीपुढे ठेवल्या आणि त्यातल्या सत्तावीस दे म्हणाल्या. पोरीनं काही वेळ मोळीकडे पाहिलं आणि सुतळी सोडली. संध्याकाळी फोटो आला. सुटलेली मोळी, बाजूला पाटी, पाटीवर २५. फोटोत मॅडम नव्हत्या, मुलगी नव्हती, शाळेचं नाव नव्हतं. आपल्या ग्रुपवर आलेला तो पहिला फोटो.

त्या रात्री माझ्यासारख्या अनेकांनी मनातल्या मनात आपल्या लाल फुल्या मोजल्या असतील. मी तरी मोजल्या. पंचवीस वर्षांच्या.

द्विशिक्षकी शाळा काय असते ते बाहेरच्यांना सांगून कळत नाही. दोन माणसं, चार वर्ग. एक जण बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या कामाला, नाहीतर ट्रेनिंगला, नाहीतर खिचडीच्या तांदळाचा हिशेब घेऊन पंचायत समितीत. दुसरा चारही वर्गांसमोर एकटा. अडलं तर विचारणार कोणाला? गावात पाटलाला विचारता येत नाही, साहेबाला विचारलं तर वहीवर शेरा. म्हणून ग्रुप हा आपल्या शाळेतला तिसरा शिक्षक होता. रात्री जागा असायचा, पगार मागत नव्हता आणि कोणी 'जमत नाही' म्हटलं तर हसत नव्हता.

'जमत नाही' हे दोन शब्द मास्तराच्या तोंडून निघायला किती जड जातात ते तुम्हाला सांगायला नको. पण ते निघाले म्हणूनच पोरांच्या घरच्या बोलींतल्या शब्दांची वही झाली. तिची सुरुवात माझ्या फजितीतून आहे. जुन्यांनी ती दहा वेळा ऐकली आहे, नव्यांसाठी पुन्हा.

१९९० साली माझी पहिली नेमणूक पोडावर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवर. मी वणीकडचा, वऱ्हाडी बोलणारा. पहिलीत एक पोरगं होतं, महिनाभर तोंड उघडलं नाही त्यानं. एक दिवस उन्हात खेळून आलं आणि माझ्याकडे पाहून म्हणालं, "ईर." मी खूश. वर्गात अक्षरांचा तक्ता टांगलेला, त्यावर ई ईडलिंबाचा. मला वाटलं पोरगं अक्षर ओळखायला लागलं. मी पाठ थोपटली, सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. पोरगं पुन्हा म्हणालं, "ईर." पुन्हा टाळ्या. शेवटी चौथीतली त्याची बहीण उठली आणि त्याला माठापाशी घेऊन गेली. कोलामीत ईर म्हणजे पाणी.

हे मी २०१६ मध्ये ग्रुपवर लिहिलं आणि त्यानंतर आठवडाभर माझा फोन गरम होता. गडचिरोलीहून बदलून आलेल्या एका सरांनी लिहिलं, गोंडीत पाण्याला येर. मेळघाटात धारणीला असलेल्या दुसऱ्या एकानं लिहिलं, कोरकूत डा. गोंडीत एक-दोन म्हणजे उंदी, रंड. कोरकूत मिया, बारी. येर आणि ईर इतके जवळ का आणि डा इतकं दूर का, असं कोणीतरी विचारलं. रात्री अकराला धारणीवाल्या सरांनी उत्तर दिलं की गोंडी आणि कोलामी द्राविडी कुळातल्या, कोरकू मुंडा कुळातली, मध्य प्रदेशापासून मेळघाटापर्यंत पसरलेली. दोन वर्षांच्या डीएडमध्ये हे मला कोणी सांगितलं नव्हतं. शिक्षण हक्क कायद्याच्या २९ व्या कलमात लिहिलं आहे की शिकवण्याचं माध्यम शक्य तोवर मुलाची मातृभाषा असावी. कायदा लागू झाला १ एप्रिल २०१० ला. 'शक्य तोवर' हा शब्द फार सोयीचा आहे. पण शक्य करायचं तर मुलाला तहान लागली हे तरी कळायला पाहिजे ना.

मग वऱ्हाडीही आली. आपलीच भाषा, तिचा कोणी विचारच केला नव्हता. पुस्तकात शेत, घरी वावर. पुस्तकात बांध, घरी धुरा. पुस्तकात बैलगाडी, घरी बंडी. कोथिंबिरीला आपल्याकडे सांबार म्हणतात, तो गोंधळ तर पश्चिम महाराष्ट्रातून आंतरजिल्हा बदलीनं आलेल्या प्रत्येक मॅडमनी एकदा तरी केला. त्यावर मी आता बोलत नाही, तुम्हीच पुष्कळ हसलात. एका सरांनी चांगला मुद्दा काढला होता : पोरगं 'वावर' म्हणालं तर ते चूक नाही, 'शेत' हा त्याचा दुसरा शब्द आहे, पहिला पुसून टाकायचा नाही. त्यावर दोन दिवस भांडण चाललं. शिष्यवृत्तीच्या पेपरात वावर लिहिलं तर मार्क कोण देणार, असा दुसरा पक्ष. दोघंही बरोबर होते. असं भांडण आता होत नाही.

प्रश्न कुठे हरवले, याचा मी पुष्कळ विचार केला. त्यात माझा हात आहे.

२०१६ च्या सुरुवातीला ग्रुपची मर्यादा १०० वरून २५६ झाली. मला भारी उत्साह. जागा झाली तर भरायला नको? केंद्रप्रमुख घेतले, विस्तार अधिकारी घेतले, आणखी वरचे दोघं घेतले. वाटलं, आपलं काम साहेबांना दिसेल. त्याच काळात फोटोंचा पूर आला. साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे तिथल्या शाळांचा गट, गाजत होतं. गाड्या भरून लोक पाहायला जात, आपल्यातलेही गेले, आणि परत येऊन वर्गाच्या फरशीवर ऑइल पेंटनं वर्णमाला आणि संख्यारेषा काढू लागले. कुमठ्याचं काम खोटं होतं असं मी म्हणत नाही. तिथल्या शिक्षकांनी आधी मुलं कशी शिकतात ते पाहिलं आणि मग फरशी रंगवली. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी फरशी रंगली, फोटो निघाला आणि काम पूर्ण झालं. नोव्हेंबर २०१६ मध्ये तर मुलांबरोबर सेल्फी काढून शासनाच्या 'सरल' पोर्टलवर चढवायचा आदेश निघाला होता. त्याला विरोध झाला, पण फोटोची सवय काही गेली नाही.

सुटलेल्या मोळीचा फोटो कोणाला दाखवण्यासाठी काढला नव्हता, तो विचारलेल्या प्रश्नाचा जबाब होता. नंतरचे फोटो पुरावे झाले. आणि ज्या चावडीवर पुरावे द्यायचे असतात तिथे कोण सांगेल की माझ्या चौथीतल्या पाच पोरांना अजून वाचता येत नाही? लोक मला खासगीत लिहू लागले, "गुरुजी, ग्रुपवर विचारू नाही शकत, साहेब आहेत." साहेब लोक वाईट नव्हते. त्यातले एक तर रात्री बारालाही गणिताच्या प्रश्नाला उत्तर द्यायचे. पण ते तिथे आहेत एवढंच पुरे होतं, आणि त्यांना तिथे बसवणारा मी.

आता ती गोष्ट, जिच्यासाठी हे पत्र खुलं केलं.

२०१९ चा पावसाळा. एक नवा शिक्षण सेवक, वय तेवीस-चोवीस, महिना ६००० रुपये मानधनावर. आतल्या गावात शाळा, भाड्याची खोली, मोटारसायकलचं पेट्रोल त्यातूनच. त्यानं ग्रुपवर फोटो टाकला. खिचडीच्या तांदळात अळ्या. खाली लिहिलं, "पोतं असंच आलं आहे. हे शिजवू की मुलांना उपाशी पाठवू? कृपया मार्गदर्शन करा." प्रश्नच होता तो. आपल्या ग्रुपला शोभेल असा.

दहा मिनिटांत मला फोन आला. कोणाचा ते सांगत नाही, नावाची गरज नाही. मी त्या पोराला फोन करून तो संदेश पुसायला लावला. त्यानं पुसला. मग रात्री, त्यानं पुन्हा काही टाकू नये म्हणून, मी त्याला ग्रुपमधून काढून टाकलं. तुमच्यापैकी निदान साठ-सत्तर जणांनी तो फोटो पाहिला होता. कोणी एक शब्द बोललं नाही. पण ॲडमिन तुम्ही नव्हता, मी होतो. त्या पोरानं दुसऱ्या दिवशी स्वतःच्या पैशानं गावातल्या दुकानातून तांदूळ आणला, हे मला वर्षभरानं दुसऱ्याकडून कळलं. मी त्याला पुन्हा ग्रुपवर घेतलं नाही. लाज वाटत होती. आधी वाटलं दोन महिन्यांनी घेऊ, मग सहा महिने झाले, मग कोविड आला, मग तो बदलून गेला.

सर, तुम्ही हे वाचत असाल तर माफी मागतो. तुमचा प्रश्न बरोबर होता. उत्तर मला माहीत होतं : पोतं बाजूला ठेवून पंचनामा करायचा, शाळा व्यवस्थापन समितीची सही घ्यायची, लेखी कळवायचं. तीन ओळींचं उत्तर होतं. मी दिलं नाही.

कोविडबद्दल थोडक्यातच लिहितो, कारण ते दिवस सगळ्यांनी आपापल्या परीनं काढले. 'शाळा बंद, पण शिक्षण सुरू' अशी घोषणा होती. आपल्या गावांत घरी एकच फोन, तो बापासोबत वावरात. कोणी देवळाच्या भोंग्यावरून पाढे म्हणवून घेतले, कोणी टेकडीवर चढून रेंज धरली. आपल्यातले काही पाटणबोरीच्या नाक्यावर तेलंगणाकडून येणाऱ्या गाड्यांची नोंद करत उभे होते. 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी'च्या सर्व्हेत घरोघरी फिरलो. एप्रिल २०२१ मध्ये आपला एक माणूस गेला. तुम्हाला कळलं असेल कोण. मोळी मोडायला सांगणारा.

त्याचा नंबर ग्रुपवर तसाच राहिला. काढायला माझं बोट धजेना. तांदळाच्या पोराला काढताना अर्धा मिनिटही लागला नव्हता.

पाच-सहा महिन्यांनी एका संध्याकाळी त्या नावावरून संदेश आला. नाव दिसलं आणि छातीत धस्स झालं. लिहिलं होतं, "सर्व सर आणि मॅडम, मी त्यांचा मुलगा. बाबांचा फोन आता माझ्याकडे असतो, नववीचे तास यावरच होतात. एक गणित विचारू का?" प्रश्न होता, २ चं वर्गमूळ अपरिमेय संख्या आहे हे कसं सिद्ध करायचं. आपण सगळे पहिली ते पाचवीवाले. अर्ध्या तासात अकरा उत्तरं. कोणी कागदावर लिहून फोटो टाकला, कोणी आवाजात सांगितलं, एका मॅडमनी आपल्या इंजिनिअर भाच्याला उठवून लिहून घेतलं. दोन उत्तरं चुकीची होती, ती तिसऱ्यानं दुरुस्त केली. बापाबद्दल कोणी काही बोललं नाही. शेवटी पोरानं लिहिलं, "समजलं. धन्यवाद." आणि खाली, "बाबा म्हणायचे इथं विचारलं की मिळतं."

पोरगा आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. त्यानंतर तसा प्रश्न ग्रुपवर आला नाही.

तुम्हाला दोष द्यायला मी बसलो नाही. मी कोणत्या खुर्चीतून बोलतोय ते मला ठाऊक आहे. मी १९९० चा, म्हणून मला जुनी पेन्शन. १ नोव्हेंबर २००५ पासून पुढे लागलेल्यांना नाही. आपल्याच ग्रुपच्या मधून ही रेघ गेली होती. जुन्या पेन्शनसाठीच्या मार्च २०२३ च्या संपात आपण सोबत बसलो होतो, तेव्हा एका सरांनी हसत म्हटलं होतं, "गुरुजी, तुमी त पाहुने आहात इथं." हसलो मीही. ते खरंच होतं.

आणि आता टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सर्वोच्च न्यायालयाचा १ सप्टेंबर २०२५ चा निकाल लागला तेव्हा मला रिटायर होऊन दोन महिने झाले होते. ज्यांच्या सेवेला पाच वर्षांपेक्षा जास्त उरली त्यांना दोन वर्षांत परीक्षा पास व्हायची आहे. आपल्या ग्रुपवर वीस-वीस वर्षं शिकवलेली माणसं आहेत. नोव्हेंबरच्या परीक्षेची केंद्रं शोधत ती फिरत होती. शिक्षकानं परीक्षा देऊ नये असं मी म्हणत नाही. आपण पोरांची घेतो, आपलीही कोणी घ्यावी. पण मी सुटलो आणि तुम्ही अडकलात, हेही खरं. ज्याची नोकरी टांगणीला आहे त्यानं चारशे माणसांसमोर 'मला हे शिकवता येत नाही' म्हणावं, ही अपेक्षा मी कोणत्या तोंडानं करू? माझ्या शेवटच्या शाळेचा पट तेरा होता. २०२३ मध्ये वीसच्या आतल्या पटाच्या शाळांची यादी आणि समूह शाळांचं, म्हणजे लहान शाळा एकत्र करण्याचं, पत्र निघालं, पानशेत आणि तोरणमाळची उदाहरणं दिली गेली, तेव्हापासून त्या तेरातलं एक पोरगं दोन दिवस आलं नाही तरी आम्ही घरी जाऊन पाहायचो. शिकवण्याच्या काळजीनं किती आणि पटाच्या काळजीनं किती, हे मला अजून सांगता येणार नाही.

म्हणून ग्रुप दुसऱ्या कोणाच्या हाती देत नाही. तिघांनी मागितला होता, राग मानू नका. माहितीसाठी तुमच्याकडे केंद्राचा ग्रुप आहे, तालुक्याचा आहे, संघटनेचे दोन-तीन आहेत. विचारण्यासाठी लहान ग्रुप लागतो, ज्यात साहेब नाही, ज्यात फोटो चालत नाही. असा कोणी काढला तर मला घेऊ नका. मी आता रिकामा माणूस आहे, दिवसभर उत्तरं देत बसेन आणि तुम्हाला प्रश्न विचारायला जागा उरणार नाही.

थोडी व्यवस्थेची गोष्ट. ३१ तारखेनंतर ग्रुपवर कोणाला लिहिता येणार नाही, पण जुनं वाचता येईल. एकेकाला काढत बसणार नाही. एकदा काढलं त्याचंच ओझं पुष्कळ आहे. मी स्वतःही बाहेर पडणार नाही, कारण एकटा ॲडमिन निघून गेला की फोन परस्पर दुसऱ्याच कोणाला ॲडमिन करतो, आणि तो माणूस फुलं टाकणारा निघाला तर संपलं. तेव्हा दार लावून मी आतच बसणार.

शब्दांची वही मात्र मी हातानं उतरवून काढली आहे. दोनशे पानी रजिस्टर, उभे पाच रकाने : पुस्तकातला शब्द, वऱ्हाडी, गोंडी, कोलामी, कोरकू. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या मॅडमनी पाठवलेले शब्द शेवटी वेगळे लिहिले आहेत, ते या रकान्यांत मावेनात. हे उतरवण्यात सगळा ऑक्टोबर गेला. तीन झेरॉक्स काढल्या. एक घाटंजीच्या मॅडमकडे दिली, एक धारणीला पोस्टानं पाठवली, एक मोळीवाल्या सरांच्या घरी, त्यांच्या मुलाकडे नेऊन दिली. मूळ रजिस्टर माझ्याकडे आहे, ज्याला पाहिजे त्यानं येऊन न्यावं आणि परत आणून द्यावं. हे मात्र खरंच उसनं आहे.

उतरवताना एक ओळ अर्धी राहिली. ४१ व्या पानावर आहे, पेन्सिलीनं खूण केली आहे. २०१८ च्या जुलैत पोडावरच्या एका सरांनी विचारलं होतं, काजव्याला कोलामीत काय म्हणतात? दुसरीच्या पोरांना गोष्ट सांगायची होती. वऱ्हाडी शब्द आला, बाकीचेही आले, कोलामीचा रकाना रिकामा. मी तेव्हा लिहिलं होतं, "उद्या पोरांना विचारून सांगतो." दुसऱ्या दिवशी मी विचारलंही. पण दिवसाउजेडी काजवा दाखवायचा कसा? मी हातवारे केले, फळ्यावर चित्र काढलं. पोरांनी माशी सांगितली, एकानं टॉर्च सांगितला. शाळा पाचला सुटते आणि काजवे अंधार पडल्यावर निघतात. पोडावर मुक्कामाला आपल्यापैकी कोणी राहत नव्हतं, मीही नाही. मी साडेपाचच्या आत डांबरी रस्त्याला लागलेलो असायचो.

येत्या पावसाळ्यात तिकडे कोणाची नेमणूक असेल तर एक संध्याकाळ थांबा. पोरं अंगणातच असतात. ऐकलं की मला फोन करून सांगा, मी रकाना भरतो.

तुमचाच,
एक निवृत्त सहायक शिक्षक
तालुका झरी-जामणी, जिल्हा यवतमाळ